उजवी कोनाची हाय?

समोरून एखादी बाई येताना दिसली की तिचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर जायचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. खांद्यावरून सरकलेला पदर सावरावा तितक्या सहज. बाई ओट्याजवळ पोचायच्या आत ती विचारायची, "डावी ना वं?" आणि बाई जागच्या जागी थांबायची, कारण डावीच असायची.

तुमच्याही गल्लीत सगळ्यांचं सगळं ठाऊक असलेली एखादी म्हातारी असेल. कोणाची सून रुसली, कोणाकडे मटण शिजलं, कोणाचा पोरगा परीक्षेत आपटला. आमच्या गल्लीतली माय तशी नव्हती. शेजारी चोरी झाली तरी तिला दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगावं लागायचं. तिला कळायची ती एकच गोष्ट, बाईच्या छातीचं दुखणं. आणि ही गोष्ट अशी की आमच्याकडे बायका ती नवऱ्याजवळसुद्धा काढत नाहीत. "बरं नाही वाटत" म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात.

आमची गल्ली वणीच्या अगदी टोकाला आहे. त्यापुढे ट्रकचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे कोळशाच्या खाणी. दुपारी खाणीत सुरुंग उडवतात. आधी कुत्री एकदम गप्प होतात, मग जमीन हलते, मग आवाज येतो आणि मांडणीवरची भांडी खणखणतात. मी मूळची महागावकडची, कापूस-सोयाबीनच्या मुलखातली. लग्न होऊन इथे आले त्याच आठवड्यात एका दुपारी घर हललं आणि मी भूकंप समजून अनवाणी बाहेर धावले. समोरच्या ओट्यावर ती बसलेली होती. रस्त्यावर दुसरं कोणीच नव्हतं.

"घाबरू नको पोरी, रोजचंच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहतापाहता तिचा हात छातीवर गेला. "डावी ना वं?"

पाळी यायच्या आधी दोन-तीन दिवस माझी डावी बाजू जड होते, ठणकते. लग्नाआधीपासूनचं आहे. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. नव्या नवरीने सासरच्या गल्लीत हे असलं ऐकल्यावर काय करावं? मी घरात पळाले आणि दार लावून घेतलं. सुरुंगाची भीती तिथेच संपली, तिची सुरू झाली.

पुढे मी अंगणवाडी सेविका झाले. अंगणवाडीची खोली तिच्या घराला लागूनच. मग ती मला पोरी म्हणायचं सोडून "बाई" म्हणायला लागली, आणि मी तिला सगळ्यांसारखी माय म्हणू लागले. खोलीत बसल्याबसल्या मला तिचा ओटा दिसायचा. किती बायका तिथे येऊन गेल्या त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. बहुतेक ओल्या बाळंतिणी असायच्या. दूध साकळून छाती दगडासारखी झालेली, अंगात कणकण, मांडीवरचं पोर भुकेने रडतंय आणि पाजायला घेतलं की आई रडतेय.

तिच्या ओट्याला लागून एरंडाचं झाड होतं. कोणी लावलेलं नव्हतं, आपलं उगवलेलं. माय त्याचं पान तोडायची, तव्यावर शेकायची, तेलाचा हात फिरवायची आणि छातीवर ठेवून फडक्याने बांधायची. "पाजनं सोडू नको, पोरी. लेकराले लाव," एवढंच सांगायची. वापरलेलं पान मात्र ती कोणाला घरी नेऊ द्यायची नाही. तिच्या मागच्या अंगणात एक चपटा दगड होता. पान त्या दगडाखाली जायचं. पावसाळ्यात तिथून आंबूस दुधाचा वास यायचा आणि मांजरं दगडाला वळसा घालून जायची. मी एकदा धीर करून विचारलं, "माय, पान दगडाखाली कायले ठेवता?"

"मंग कुठं ठेवू? रस्त्यावर टाकलं तं बकऱ्या खातीन."

मी काहीतरी गूढ ऐकायला टपले होते. जरा हिरमुसलेच.

मंत्र, अंगारा, लिंबू असलं काही तिच्याकडे नव्हतं. घरात एक बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे स्टीलच्या वाटीत दोन फुलं. तिच्या बापाने दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव फडक्यात बांधून निरगुडा नदीत सोडले होते. ही तेव्हा अंगावरचं पोर. आई तिला कडेवर घेऊन काठावर उभी होती म्हणे. विहारातल्या बायका तिला अधूनमधून टोकत, हे अंधश्रद्धेचं काय मांडलंय म्हणून. ती भांडायची नाही. आपल्या उजव्या हाताकडे पाहायची आणि म्हणायची, "देव सुटले बाई, हे नाही सुटलं. हात माहा हाय, पन जाते सोताच्या मनानं."

म्हणजे तिला त्याची हौस नव्हती. मला वाटतं, थोडी लाजच होती.

आणि तिला सगळं कळायचं असंही नाही. एकदा पलीकडच्या ओळीतली एक बाई आली. उजवीकडे, पाठीपासून छातीपर्यंत आग पेटल्यासारखं होत होतं. मायने शेकलेलं पान बांधलं तशी ती बाई किंचाळली. दुसऱ्या दिवशी अंगावर फोड उठले. नागीण होती. मायला दोन घास गेले नाहीत. "कुठं दुखते ते मले समजते, बाई. काहून दुखते ते नाही समजत," ती म्हणाली. हे वाक्य मला तेव्हा साधंच वाटलं होतं.

मी बारावी शिकलेली, प्रशिक्षणं केलेली. माझं मन यावर गप्प बसेना. मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं. जिकडे दुखतं तिकडचा हात बाई अंगाशी धरून चालते, पिशवी दुसऱ्या हातात घेते. म्हातारीची नजर तेवढी तयार झाली असणार. आपल्या हुशारीवर खूश होऊन मी एका दुपारी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. उजवा कोपर बरगडीला दाबला, चेहरा वाकडा केला आणि ओट्यासमोरून सावकाश चालत गेले. तिचा हात मांडीवरच होता.

"नाटकं करून राह्यली का वं बाई?" ती म्हणाली. "काई नाही दुखत तुहं."

मी हसले खरी, पण ती परीक्षा पुन्हा कधी घेतली नाही.

आता ती दुपार. मे महिना होता. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. दारं बंद, कूलर चालू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी खोलीत पोषण आहाराची पाकिटं मांडत होते आणि दारात सावली पडली. माय उभी होती. उन्हात ती कधी ओटा सोडायची नाही. हात उजव्या छातीवर होता.

"बाई, उजवी कोनाची हाय?"

मी मागे वळून पाहिलं. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"माय, इथं कोणी नाही. मी एकटीच आहे."

"तुही नोहे. तुही मले ओळखू येते." तिने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून तो खाली ओढला. सोडल्यावर तो परत वर गेला. "सकाळपासून असंच होऊन राह्यलं. समोर कोनीच नाही, तरी जाते. कोनाचं तरी लय दुखून राह्यलं, बाई, अन् कोनी बोलून नाही राह्यली."

मी तिला पाणी दिलं. ते न पिताच ती वळली आणि समोरच्या दारावर तिने थाप मारली. दार किलकिलं झालं. "उजवी कोनाची हाय वं?" आतून काहीतरी उत्तर आलं, दार लागलं. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. मी दारात उभी राहून पाहत होते. भर उन्हात, रिकाम्या रस्त्यावर एक म्हातारी छातीवर हात दाबून दारोदार विचारत चालली होती. एवढ्यात कुत्री गप्प झाली. जमीन हलली, घराघरांतून भांडी वाजली. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हात काही खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात आमच्या गल्लीत "उजवी" हा शब्द कोणी उच्चारेना. बायका न्हाणीघरात नेहमीपेक्षा जास्त वेळ लावू लागल्या. ती येताना दिसली की सासवा सुनांना आत बोलावून घेत. कोणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, ती दुखणं विचारत नाही, वाटत फिरते. ज्यांच्या छातीवर तिने पानं बांधली होती त्यांनीच हे म्हणावं, याचा मला फार राग आला. पण खरं सांगायचं तर तिचा हात दिसला की मीही नजर वळवायची.

"कोनीतरी लपवून राह्यली," ती मला एकदा काकुळतीने म्हणाली. "तू शिकेल हाय, तू सांग त्यायले. लपवलं तं मरन ती." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या न सापडलेल्या बाईसाठी तिचा जीव तुटत होता.

जूनमध्ये यवतमाळच्या एक डॉक्टरीणबाई आमच्या समाजभवनात बायकांची तपासणी करायला येणार होत्या. त्या आदल्या वर्षीही आल्या होत्या. तेव्हा मी घरोघरी हात जोडत फिरले होते आणि आल्या होत्या मोजून चार बायका, त्यातली एक चष्म्याचा नंबर विचारायला. या वेळी मला काही करावं लागलं नाही. मायच्या एका हाताने सगळी गल्ली रांगेत उभी केली. ज्या तिला वेडी म्हणत होत्या त्या सगळ्यांत पुढे.

तिने अर्थात नंबर लावलाच नव्हता. ती पडद्याबाहेर बाकावर बसून राहिली. आतून निघणाऱ्या प्रत्येकीकडे पाहायची आणि मला विचारायची, "हिची होय का?"

मी डॉक्टरबाईंच्या मदतीला पडद्याआड होते. नावं सांगणार नाही, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की दुखायला किती साधीसाधी कारणं असतात. एकीचं माझ्यासारखंच पाळीआधीचं. कॉलेजातल्या एका पोरीने बाजारातून दोन मापं लहान कपडे आणले होते, पट्ट्यांचे वळ उठलेले. एक कापूस वेचायला जाणारी, वर्षानुवर्षं खांद्याला ओझं बांधून तिच्या बरगडीजवळचे स्नायू धरलेले. तिचं छातीचं दुखणं छातीचं नव्हतंच. एका बाळंतिणीला दुधाची गाठ होती, तिला औषध लिहून दिलं. एकीला गाठ लागली, पण ती बोटाखाली सरकत होती; तरी सोनोग्राफीला पाठवली, ती पुढे साधी निघाली. माझी पाळी जायचं वय जवळ आलेलं, म्हणून अलीकडे ठणका वाढला होता. घाबरण्यासारखं कोणाचंच काही नव्हतं.

"दुखणाऱ्या बहुतेक बायकांना मी घरीच पाठवते," डॉक्टरबाई हात धुताना म्हणाल्या. "ज्या गाठीची भीती असते ती बऱ्याचदा दुखत नाही. कधीकधी दुखतेही. म्हणून दाखवायचं." पुसतापुसता त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. "त्या आजी सकाळपासून छातीवर हात ठेवून बसल्या आहेत. त्यांचं काय दुखतंय?"

"त्यांचं नाही मॅडम," मी म्हणाले. "त्यांना दुसऱ्यांचं दुखणं कळतं."

डॉक्टरबाईंनी टॉवेल खाली ठेवला. "हात तर त्यांच्या छातीवर आहे ना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. तिचा हात वर गेला की आम्ही आपापल्या छातीकडे पाहायचो. तिच्याकडे कोणी पाहायचंच नाही. आणि गंमत बघा, तीही पाहत नव्हती.

मायला आत आणलं तेव्हा ती हसत होती. "माहं? मले काहून दुखन? मले आजपावतर काईच नाही दुखलं." डॉक्टरबाईंची बोटं उजवीकडे फिरली आणि एका जागी थांबली. आवळ्याएवढी गाठ, वरची कातडी आत ओढल्यासारखी. त्यांनी हलकंच दाबलं.

"इथं दुखतं का आजी?"

"दुखते ना. तेच तं सांगून राह्यली महिन्याभरापासून." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पन ते माहं नोहे ना, बाई?"

मी तिचा पदर नीट केला.

नागपूरला ऑपरेशन झालं. उजवी काढून टाकली. तिचा भाचा आणि मी आळीपाळीने सोबत राहिलो. दवाखान्यात तिने एकदाच विषय काढला. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सवय लागते, बाई. दुखलं का दुसऱ्याचंच, असं वाटते. आपलं बी असू शकते, हे ध्यानातच नाही आलं." त्या वेळी मी रडले. ती नाही रडली.

ती परत आली, ओट्यावर बसायला लागली, आणि मला वाटलं संपलं सगळं. पण पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी तिने मला हाक मारली. हात उजवीकडे होता. तिथे आता सपाट होतं, लुगड्याखाली काहीच नव्हतं.

"गेली तरी दुखते, बाई."

मला हे माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कापलेल्या जागेच्या नसा असा त्रास देतात, नसलेला अवयवही दुखतो. मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माहं काढून नेलं, तरी दुखून राह्यलं. मंग आता कोनाचं हाय?"

मी उठले, एरंडाचं पान तोडलं, तिच्याच तव्यावर शेकलं आणि कोमट करून त्या सपाट जागेवर ठेवलं. व्रणाला लागू नये म्हणून फडकं सैल बांधलं. तिने डोळे मिटले. गल्लीतल्या इतक्या छात्यांवर तिने पानं बांधली होती. तिला कोणी कधी बांधलं नव्हतं. "बरं वाटते," ती म्हणाली. औषध म्हणून त्या पानात काही नसेल, पण तिला बरं वाटलं हे मी पाहिलं.

पान सोडल्यावर मीच ते मागच्या अंगणात नेलं. तो दगड त्या दिवशी पहिल्यांदा उचलला. खाली पानं नव्हतीच. इतक्या वर्षांची पानं कुजून नुसती काळी माती झाली होती. मी बोटं घातली. दगड भिंतीच्या सावलीत होता, दोन दिवस पावसाची झड लागलेली, आणि माती कोमट होती. अंगावरून नुकतीच काढलेली चोळी असते तेवढी. मी पान आत ठेवलं आणि दगड लावून टाकला. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत असणार.

गल्लीतल्या बायका आता ट्रकच्या रस्त्याने फिरून जाऊ लागल्या. नसलेल्या जागेवर गेलेला हात त्यांना बघवेना. तिच्या ओट्यावर कोणी येईना. मला ती पूर्वीपेक्षा एकटी दिसायची, आणि त्या बायकांशी मी बरेच दिवस धड बोलले नाही. नंतर बोलायला लागले. त्याही भ्यालेल्याच होत्या.

पुढच्या हिवाळ्यात आजार हाडांत उतरला. शेवटच्या दिवसांत ती अंथरुणावरच असायची. मी दुपारी जाऊन बसायची. एके दिवशी तिचे दोन्ही हात अंगाच्या बाजूला पडलेले दिसले. इतक्या वर्षांत मी ते असे पाहिले नव्हते.

"दुखतं का माय?"

"नाही." छताकडे पाहत ती म्हणाली, "हात हलका झाला, बाई. गेला वाटते कुठंतरी."

दोन दिवसांनी ती गेली. तिच्या घराला कुलूप आहे. भाच्याने विकायचं ठरवलंय, पण गिऱ्हाईक येतं, मागचं अंगण पाहतं आणि कळवतो म्हणून जातं. एरंड मात्र ओट्यावर वाकून आलाय.

परवाची गोष्ट. पोरं घरी गेली होती, मी अंगणवाडीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. समोरून एक नवी सून येत होती, ट्रक ड्रायव्हरची बायको, बाभुळगावकडची. तिला मी पुरती ओळखतही नाही. ती दोन्ही हात मोकळे सोडून सरळ चालत होती. कुत्री गप्प झाली तशी ती बिचकून थांबली. जमीन हलली, आवाज येऊन गेला.

"रोजचंच हाय," मी म्हणाले. आणि तिचा चेहरा पाहून मला कळलं की माझ्या तोंडून अजून काहीतरी निघून गेलंय. तिने पदर घट्ट ओढून घेतला होता.

"तुमाले कसं समजलं, डावी म्हनून?" ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. माझा हात माझ्या छातीवर होता.

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरबाई पुढच्या आठवड्यात येणार आहेत ते सांगितलं. तिला म्हटलं, थांब जरा, आलेच. मग आतल्या खोलीत गेले, कडी लावली आणि आधी माझी डावी नीट चाचपून पाहिली.